राफ्टच्या मागे कोण बसणार?

महोदय,

पावसाळा लागला की कोलाडच्या कुंडलिका नदीतल्या राफ्टिंगच्या, म्हणजे रबरी होडीतून वल्हवत जाण्याच्या, जाहिराती सुरू होतात. पुण्या-मुंबईचे ऑफिसांचे आणि सोसायट्यांचे गट फोनवर दर, जेवण, कपडे बदलण्याची सोय यावर भरपूर घासाघीस करतात. राफ्टच्या मागच्या टोकाला बसून हुकूम देणारा गाईड कोण, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो थेट नदीकाठी दिसतो, तोवर पैसे भरून झालेले असतात.

राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. तो क्रमांक मागावाच. पण नोंदणी आयोजकाची असते, वल्हे हातात धरणाऱ्याची नव्हे. गाईडचे प्रमाणपत्र वेगळे मागावे आणि ते कशाचे आहे हेही वाचावे. मोटारबोट चालवण्याचे किंवा तरणतलावावरच्या जीवरक्षकाचे प्रमाणपत्र खरे असले, तरी कुंडलिकेत ते पुरत नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर इथले सकाळचे राफ्टिंग ठरते. हे पाणी ओळखणारा, प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत न संपलेला माणूस हवा.

काठावरही पारख होते. चांगला गाईड प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे खांदे स्वतः वर ओढून पाहतो. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर पट्टे पुन्हा आवळतो. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, पाणी गुडघाभर वाटले तरी वाहत्या धारेत उभे राहू नका, असे बजावतो. कारण पाय दगडांच्या फटीत अडकला, तर मागून येणारे पाणी माणसाला आडवे पाडून दाबून धरते. फेकायच्या दोरीची पिशवी त्याच्या हाताशी असते. प्रत्येक गटात एखादे पट्टीचे पोहणारे काका असतातच, ज्यांना जॅकेट नको असते. त्यांना मुकाट्याने काठावर बसवणारा गाईड मला जास्त भरवशाचा वाटतो. ‘काही होत नाही हो, रोजचंच आहे’ म्हणत फोटो काढायला वळणाऱ्याच्या राफ्टमध्ये चढू नये. पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

आयोजकांनी बुकिंगच्या पावतीवर गाईडचे नाव, प्रमाणपत्र देणारी संस्था आणि त्याची मुदत छापावी. पर्यटन संचालनालयाने येत्या हंगामापासून तशी सक्ती करावी.

– एक वाचक, पुणे