संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच

संपादक महोदय,

संधिवाताच्या बऱ्याच रुग्णांना नागपूर-सेवाग्रामकडचे डॉक्टर मेथोट्रेक्सेट लिहून देतात. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तिला आवरणारे हे औषध. स्वस्त आणि गुणकारी, पण या आजारात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. इकडे चिठ्ठी इंग्रजीत आणि गोळी म्हणजे रोजची, हीच सवय. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, साधा संसर्गही जिवावर बेततो. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी दिसायला अनेकदा तशीच बारीक आणि पिवळी. गोंधळ होणारच!

औषध दुकानदारांनी पाकिटावर मराठीत ठळक वार लिहून द्यावा. खेड्यात आठवडी बाजाराचा वार कोणी विसरत नाही. डॉक्टरांना विचारून तोच वार गोळीसाठी ठरवता येईल.

बाजारात मिळणाऱ्या दुखण्याच्या बिननावाच्या पुड्यांचेही पाहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आराम पटकन पडतो, म्हणूनच तर खपतात. पण महिनोन्‌महिने घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि अचानक बंद केल्यास रुग्ण कोसळू शकतो. अन्न व औषध प्रशासनाने बाजाराच्या दिवशीच येऊन नमुने घ्यावेत.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरावीक काळाने लागते. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच नियमित व्हावी. त्यासाठी मजुरी बुडवून नागपूर गाठणे कापूस वेचणाऱ्या बाईला परवडत नाही.

– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ