हे पत्र मोठ्याने वाच

ती. आई आणि ती. बाबा यांना
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तूच बाबांना मोठ्याने वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसलेय. म्हणून वाक्यं छोटी ठेवते. वाचणाऱ्याला मागच्या ओळीवर परत जाता येतं, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. आम्हाला पहिल्याच सत्रात हे घोकून घ्यायला लावलं होतं. तेव्हा दम घेत वाच, आणि मधलं काही गाळू नकोस. का म्हणतेय ते पुढे कळेल.

बातमी आधी सांगते. पदवी पूर्ण झाली. प्रसारण विषयातली, तीच, जी चौदा वर्षांपूर्वी दोन वर्षं शिकून मी सोडली होती. मंगळवारी निकाल लागला.

बाबा, रेडिओवर नोकरी मिळाली म्हणून मी कॉलेज सोडलं तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "उद्या आवाज बसला तर काय दाखवशील?" मी उत्तर दिलं नाही, बॅग भरली. आवाज काही बसला नाही. पण चार वर्षांपूर्वी आमच्या स्टेशनवर कार्यक्रमप्रमुखाची जागा निघाली, आणि अर्जातल्या शिक्षणाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे बारावीच होती. जागा ज्याला मिळाली त्याला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, कसा सरकवायचा हे मीच शिकवलं होतं. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. "मी म्हणालो होतो ना" असं तुम्ही म्हणाला नसतात, पण मला ते ऐकू आलंच असतं.

मग ऑनलाइन प्रवेश घेतला. जुन्या दोन वर्षांतले निम्म्याहून थोडे जास्त क्रेडिट त्यांनी धरले. तंत्राचे विषय शिळे झाले म्हणून पुन्हा करायला लावले. माझा कार्यक्रम सकाळचा, त्यामुळे अभ्यास रात्री. लेक्चरं रेकॉर्ड केलेली असत आणि मी ती दीडपट वेगाने ऐकायची. बोलताना कुठे थांबावं यावर एका सरांचं तासभराचं व्याख्यान होतं. तेही मी तसंच ऐकलं, सगळे थांबे चेंगरून. घरचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. लटकलेले कपडे प्रतिध्वनी शोषून घेतात, त्यामुळे डोकं आत घालून बोललं की आवाज स्वच्छ येतो. पाठदुखी वेगळी. परीक्षेच्या आधी लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवाव्या लागत, तेव्हा ते उघडं कपाट बघून देखरेख करणाऱ्या बाई दर वेळी तोच प्रश्न विचारत.

सगळंच घरबसल्या येतं असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तीन कॅमेऱ्यांचा थेट कार्यक्रम कंट्रोल रूममधून चालवणं मी आधी सॉफ्टवेअरवर शिकले आणि मला वाटलं जमलं. मग दहा दिवस प्रत्यक्ष स्टुडिओत जावं लागलं. पहिल्या दिवशी दोन नंबरच्या कॅमेऱ्याला क्यू, म्हणजे इशारा, द्यायचा सोडून मी नुसती बघत बसले. पडद्यावर चुकलं तर पुन्हा करता येत होतं. इथे अँकर माझ्याकडे बघत होता.

एवढी वर्षं माइकसमोर काढून मला जे करता येत होतं, ते तसं का करायचं हे ठाऊक नव्हतं. ते या तीन वर्षांत कळलं, आणि त्यातलं निम्मं तुमच्या घरातच घडत होतं.

बाबा, जाहिरात लागली की तुम्ही रिमोट शोधता आणि म्हणता, "मुद्दाम मोठ्याने लावतात." खरं आहे ते. पूर्वी मर्यादा फक्त आवाजाच्या सर्वांत उंच टोकाला होती. जाहिरातवाले टोक न ओलांडता सगळा आवाज दाबून त्या टोकापर्यंत भरून टाकत. कान टोक मोजत नाही, सरासरी मोजतो. म्हणून २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघाने शिफारस केली की कार्यक्रम असो वा जाहिरात, कानाला जाणवणारा मोठेपणा एकाच पातळीवर असावा. ती पातळी उणे २३ एलयूएफएस. एलयूएफएस हे त्या मोठेपणाचं माप. हा आकडा मी परीक्षेत लिहिला तेव्हा मनात तुमचा रिमोट होता.

आणि एक माफी मागायची राहिलीय. मागे मी फोनवर "सातला पोहोचते" म्हणाले आणि तुम्ही आठला न्यायला आलात. मी तासभर सामानावर बसून होते आणि भेटल्यावर तुमच्यावर चिडले. तर ऐका. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. जुन्या पद्धतीच्या फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० एवढंच जातं. 'स'चा बहुतेक जीव त्याच्या वर असतो. म्हणजे 'सात'मधला 'स' वाटेतच गळतो आणि उरतं ते 'आठ'सारखं ऐकू येतं. त्यात वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीचेच आवाज सोडून देतो. तुमच्यापर्यंत तो 'स' पोहोचणारच नव्हता. मी ओरडून सांगितलं त्यानेही काही झालं नाही, ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' नाही.

आता गाळायचा नाही तो भाग.

शेवटच्या सत्रात वीस मिनिटांचा श्राव्य माहितीपट करायचा होता. मागच्या खेपेला आले ते रेकॉर्डर घेऊनच. विषय काय, हे तुम्हाला मोघम सांगितलं होतं. विषय तुम्ही दोघं होतात. आई, तू रोज सकाळी बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवतेस. तुला वाटतं तू वाचतेस. पण तू मथळे चाळतेस, क्रम बदलतेस, आधी हलकी बातमी देतेस, लांबलेली आटोपती घेतेस, अवघड आडनाव आलं की तोंड बाबांकडे वळवून सावकाश म्हणतेस. हेच काम करणाऱ्या एका संपादकाचा १९५० मध्ये डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अभ्यासकाने अभ्यास मांडला होता. तारेने येणाऱ्या दहा बातम्यांतल्या जवळपास नऊ तो संपादक टाकून देई. व्हाइटने त्याचं खरं नाव लपवून त्याला 'मिस्टर गेट्स' म्हटलं, दारावरचा माणूस. मी वर्गात तुझं नाव न सांगता तुझ्याबद्दल बोलले, आणि सरांनी मला पंधरा मिनिटं जास्त दिली.

तू निधनवार्तांचं पान गाळतेस. बाबांच्या बरोबरीचं कुणी गेलं असेल तर पान उलटताना तुझा आवाज किंचित वर जातो. रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट आहे.

पण तू आत गेल्यावर बाबा माइककडे वाकून म्हणाले, "ती ते पान वाचत नाही. मी दुपारी भिंग घेऊन वाचतो." हे वापरू का, असं मी त्यांना विचारलं. आधी त्यांनी संमतीपत्र त्याच भिंगाखाली अथपासून इतिपर्यंत वाचलं, त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढली आणि सही केली. मग म्हणाले, "वापर. पण तिला आधी सांग." मी सांगितलं नाही. धीर झाला नाही. माहितीपट जमा झाला, गुण मिळाले, आणि तुला आज कळतंय. रागाव हवं तर.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. त्यात त्या माहितीपटाच्या दोन फायली आहेत. बाबांच्या फायलीत २,००० ते ४,००० हर्ट्झचा भाग थोडा उचललाय, त्यामुळे टीव्हीचा आवाज वाढवू नका. मध्येच काहीच ऐकू येत नाही असा तुकडा लागेल. बिघाड नाही तो. कापलेल्या जागा कळू नयेत म्हणून खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करतात. तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं. अकराव्या सेकंदाला आईने विचारलं, "झालं का?" ते मी कापलं नाही.

बाकी रविवारी बोलू. सकाळी सात वाजता फोन करते. सात. आई, हा आकडा दोनदा वाच.

तुमची लेक