कोयता भंगारात देऊ नका

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दरवर्षी दसरा झाला की एक फोटो येतो, ट्रॉलीत बिऱ्हाड, वर लेकरं, कडेला बांधलेली शेळी, खाली ओळ असते ऊसतोड मजूर कारखान्याकडं रवाना. मग पाडव्याच्या आगेमागे दुसरा फोटो, मजूर परतले. मधले पाच-सहा महिने अन् मागच्या दोन-तीन पिढ्या, त्याचं कुठंच काही नाही. त्याबद्दलच लिहायलोय, जरा लांबलं तर कापू नका.

मी जिल्हा परिषदेचा रिटायर मास्तर, आई-बाप दोघं मिळून एक कोयता. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसं मोजायची पद्धतच नाही.

मागच्या साली पोरीकडं शिकागोला गेलतो. एका रविवारी ती म्हणली, बाबा चला तुम्हाला म्युझियम दाखवते. मला वाटलं असंल काचंच्या पेटीत राजाची तलवार. तिनं नेलं पिल्सेन नावाच्या वस्तीत, तिथं मेक्सिकन लोक लई, भिंतीच्या भिंती चित्रांनी रंगवलेल्या, बेकऱ्या, टायरची दुकानं, अन् एका बागेच्या कडेला नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट. दारातच विचारलं तिकीट किती, तर म्हणे फुकट, पहिल्यापासून फुकट. आतल्या पाट्या इंग्रजीत अन् स्पॅनिशमधे पण, म्हणजे ज्या म्हातारीचा इतिहास हाय तिला तो वाचता यावा.

मला खरी गंमत वाटली ती हे कुणी काढलं त्याची. मास्तर लोकांनी! १९८२ ला कार्लोस तोर्तोलेरो नावाचा शाळामास्तर अन् त्याचे सोबती शिक्षक एकत्र बसले, आपल्या लेकरांना आपली कला, आपला इतिहास शाळेत कुठंच दिसत नाही म्हणून. हातात ९०० डॉलर. पाच वर्षं जागेसाठी फिरले आणि १९८७ ला नगराच्या उद्यान खात्याची एक जुनी इमारत मिळाली, तिथं आधी होड्या बनवायचं वर्कशॉप होतं. न्यूयॉर्कला पण असंच एक हाय, एल म्युझिओ देल बारिओ, म्हणजे सरळ मराठीत वस्तीचं म्युझियम. ते पोर्टो रिकोच्या लोकांनी १९६९ ला चालू केलं ते शाळेच्या एका वर्गात, मग दुकानाच्या गाळ्यात, अन् आता ते फिफ्थ अव्हेन्यूवर हाय.

आम्ही गेलो तेव्हा तिथं मेलेल्यांच्या दिवसाचं प्रदर्शन होतं, दरसाली भरतं. गेलेल्या माणसाचा फोटो, पुढं त्याला आवडायचं ते खाणं, पाणी, मेणबत्त्या आणि झेंडूच झेंडू. मी म्हणलं ही तर आपली सर्वपित्री. अन् पोरगी म्हणती बाबा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, तिकडून आपल्याकडं आला. मिरची पण तिकडचीच, मका पण. आणि हसू नका, आमच्या बालाघाटातलं सीताफळ, ज्याच्यावर आम्ही एवढा जीव टाकतो, ते पण अमेरिका खंडातलंच. आता दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना दर वेळेस मला ते पिल्सेन आठवतं.

घरी येऊन पोरीच्या मोबाईलवर वाचत बसलो अन् झोपच उडाली. साहेब, ही मेक्सिकन माणसं शंभर वर्षांपूर्वी तिकडं रेल्वेत, पोलाद कारखान्यात तर गेलीच, पण साखरंसाठी पण गेली! तिकडं बीटाची साखर करतात. मिशिगन, मिनेसोटा, कोलोरॅडोच्या बीटाच्या रानात साखर कंपन्या अख्खी अख्खी कुटुंबं बोलवायच्या, लेकरं पण विरळणीला वाकलेली. मजूर गोळा करणारा एजंट आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे द्यायचा, त्या पद्धतीचं नाव एनगांचे, म्हणजे गळाला अडकवणं. आपला मुकादम अन् आपली उचलच की! त्यांचं एक आखूड दांड्याचं खुरपं होतं, एल कोर्तितो, दिवसभर वाकून कमरंचं वाटोळं व्हायचं. कॅलिफोर्नियात ते १९७५ ला बंद झालं, आणि आज तसलं एक खुरपं वॉशिंग्टनच्या सरकारी म्युझियममधे जपून ठेवलेलं हाय.

पोरीनं सहज विचारलं, बाबा आजीचा कोयता कुठंय.

मी गप्प. स्लॅबचं घर बांधलं त्या साली जुन्या पत्र्याबरोबर भंगारवाल्याला घातला, मी स्वतः वजन करून घेतलं. मूठ एका बाजूनं आईच्या हातानं झिजलेली होती, तिच्यावर चिंधी गुंडाळलेली. जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, शिवाजी महाराजांची तह-कलमं तोंडपाठ, अन् घरातला इतिहास किलोवर विकला.

तर म्हणणं एवढंच की बीड जिल्ह्यात ऊसतोड्यांचं एक म्युझियम व्हावं. पण मोठी इमारत, कमान, पुढं पुढाऱ्याचा पुतळा अन् आत चार फ्लेक्स असलं नको, कोनशिलेवर नावं कुणाची यावरच पाच वर्षं जातील. पटसंख्या घटल्यामुळं गावोगाव शाळांच्या खोल्या रिकाम्या पडल्यात, त्यातली एक खोली बास. आणि हे आपल्याकडं जमत नाही असं म्हणू नका, धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या सातवाहन काळच्या वस्तू गोळा करत आयुष्य घातलं, आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय हाय. एका माणसानं मडकी, मणी उचलून ठेवले म्हणून.

गावात बोललो तर एकजण म्हणला, गुरुजी कोयत्यात काय बघायचं, तो तर रोज बघतोत. आता रोज बघतोत ते खरं, पण हार्वेस्टर आलेत, अजून वीस वर्षांनी कोण बघणार हाय. आणि कोयता एकटा नको. मोळीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ पाहिजे, टायरगाडीचं जू पाहिजे, राहायची कोपी जशीच्या तशी उभी करायची, पाचट अन् बांबूची, आत वाकून जावं लागलं पाहिजे. उसाच्या फडात जन्मलेल्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचे. पहाटं मोळ्या वाहताना बाया काय म्हणायच्या ते त्यांच्याच तोंडून. २०१९ ला ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला, नंतर सगळे विसरले, ते पण तिथं लिहिलेलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं कौतुकाचं दुकान होईल. कुणाला लाज वाटंल, वाटू द्या.

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. घरात पत्र्याची एक ट्रंक रिकामी केली. सध्या त्यात दोन कोयते, शेजारच्या आजीनं दिलेली एक चुंबळ, अन् कारखान्यावरच्या एका साखरशाळेचं, म्हणजे तोडणीवाल्यांच्या लेकरांच्या शाळेचं हजेरीपत्रक, मुखपृष्ठ गेलेलं. एक गोष्ट मात्र फिरून फिरून मिळंना, ती म्हणजे मुकादमाची जुनी उचलीची वही, ज्यात अंगठे हायेत. दोन-तीन घरी मागितली, लोक वहीचं नाव काढलं की विषय बदलतात. कुणाकडं असंल तर जाळू नका. नावांवर काळी पट्टी मारून द्या, नुसते अंगठे राहिले तरी चालंल.

एक निवृत्त शिक्षक,
ता. धारूर, जि. बीड