घरचा सामना घरीच होऊ द्या

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी सोलापूरचा, बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. आमच्याकडे रात्री दीड-दोन वाजेपर्यंत डोळे ताणून त्यांचे सामने बघणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. तरीही माझी विनंती आहे: उद्या एखाद्या परदेशी फुटबॉल लीगने आपला गुणांचा (गुणतक्त्यात धरला जाणारा) सामना भारतात खेळवायची परवानगी मागितली, तर सरकारने त्याला साथ देऊ नये.

२० डिसेंबर २०२५ ला विल्यारेआल-बार्सिलोना हा स्पॅनिश लीगमधला, विल्यारेआलचा घरचा सामना अमेरिकेत मायामीला घ्यायचं ठरलं होतं. युरोपीय फुटबॉल महासंघाने नाखुशीने का होईना, होकार दिला. पण स्पेनमधल्या खेळाडूंनी शिट्टी वाजल्यावर पंधरा सेकंद जागचं न हलता निषेध केला आणि ऑक्टोबरातच तो बेत बारगळला. इटलीच्या लीगमधला मिलान-कोमो सामना ऑस्ट्रेलियात पर्थला न्यायचा घाटही पुढे फसला.

विल्यारेआल हे पन्नासेक हजार वस्तीचं, फरशांच्या कारखान्यांवर जगणारं गाव. आमचं सोलापूर चादरी-टॉवेलांवर जगतं तसंच. बार्सिलोना लीगमध्ये वर्षातून एकदाच त्यांच्या दारात येते. तोच सामना उचलून नेला, तर त्या गावाने वर्षभर संघाच्या पाठीशी उभं राहायचं कशासाठी? शिवाय लीगमधले वीस संघ एकमेकांशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळतात, म्हणून गुणतक्त्याला अर्थ असतो. एकट्या बार्सिलोनालाच विल्यारेआलशी त्यांच्या घराऐवजी तिसऱ्याच मैदानावर खेळायला मिळालं, तर बाकीच्यांवर तो उघड अन्याय आहे.

आयपीएल २००९ मध्ये निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत गेली, २०२० मध्ये कोरोनामुळे अमिरातीत. तो नाइलाज होता. पैशासाठी नेणं वेगळं. आणि घरचं मैदान काय असतं, हे जानेवारी २०२४ मध्ये आमच्या पार्क स्टेडियमवर रणजी सामना झाला तेव्हा सोलापूरकरांना पुन्हा उमगलं.

मैत्रीपूर्ण सामने जरूर आणा. २०११ मध्ये मेस्सी अर्जेंटिनाकडून कोलकात्यात खेळला, त्यात कुणाचंच नुकसान झालं नाही. फुटबॉल महासंघ स्वायत्त आहे, हे मला मान्य. पण व्हिसा आणि केंद्राच्या ताब्यातली स्टेडियम तुमच्या सरकारच्या हातात आहेत. परदेशी लीगच्या गुणांच्या सामन्यांना ती मिळणार नाहीत, असं धोरण आत्ताच लेखी जाहीर करा. आपल्या क्लबांचे घरचे सामनेही खेळाडू आणि चाहत्यांना विचारल्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत, ही अट त्यातच घाला.

कळावे,
सोलापूरचा एक फुटबॉलप्रेमी