देवगडच्या रुग्णाला मॉर्फीन देवगडातच मिळू द्या

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

नोकरीची सगळी वर्षं मी परिचारिका होते. निवृत्त झाले तरी वाडीत कुणाचं दुखणं वाढलं की मला निरोप येतो. गेल्या पावसात शेजारच्या काकींसाठी आला. गालाचा कर्करोग, मुंबईहून "आता घरी न्या" म्हणून पाठवलेलं. पडवीतल्या खाटेवर भिंतीला टेकून त्या रात्रंदिवस बसून असायच्या, कारण आडवं झालं की ठणका थेट कानात चढायचा. सून पेजेचा चमचा घेऊन आली की हाताने दूर सारायच्या. "माका घटकाभर निजाक मेळला तर बरा होयत," एवढंच मागणं. उशाशी पॅरासिटामॉल. श्रावणात त्या गेल्या, तोवर तेवढी झोपही त्यांना मिळाली नाही.

या वेदनेवर औषध आहे, साहेब. तोंडाने घ्यायचं मॉर्फीन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते ज्या अफूपासून बनतं तिची परवान्याची शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात होते. 2014 मध्ये संसदेने अंमली पदार्थांचा कायदा दुरुस्त केला आणि ढीगभर परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरवली. तरी काकींच्या मुलाला जिथे तिथे "आमच्याकडे ठेवत नाही" हेच ऐकावं लागलं. कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला न्या म्हणाले. खड्ड्याखड्ड्याला कण्हणाऱ्या बाईला फोंडा घाटातून न्यायचं कसं?

डॉक्टर मॉर्फीनला बिचकतात. व्यसन लागेल, श्वास मंदावेल, ही भीती. पण थोडक्या मात्रेने सुरुवात करून ती बेताबेताने वाढवली, दर चार तासांनी घड्याळ लावून दिली आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध जोडीला दिलं, तर घरची माणसंही हे सांभाळू शकतात. फक्त कुणीतरी शिकवावं लागतं. केरळने 2008 मध्ये यासाठी धोरण आखलं, आणि तिथे पंचायतींच्या मदतीने परिचारिका अशा रुग्णांच्या घरी जातात. आपल्या वाड्या काही त्यांच्याहून दुर्गम नाहीत.

आजार बरा होणार नाही हे कळल्यावर आपण रुग्णाची फाइल मिटतो, याचा मला मनस्वी राग येतो. माणूस दवाखान्यात येतो तो दुखतं म्हणून. ते दुखणं थांबवणं हे आमचं पहिलं काम, आणि ते शेवटच्या श्वासापर्यंत संपत नाही.

म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाला ही मान्यता घ्यायला लावा, गोळ्यांचा साठा ठेवा. तालुक्यात निदान एक डॉक्टर आणि दोन परिचारिका यात तयार करा, त्यांना घरी जायला गाडी द्या. शिकवायला माणसं कमी पडली तर आम्हा निवृत्त परिचारिकांना बोलवा, आम्ही येऊ. आणि हे जूनच्या आत व्हावं. पाऊस लागला, दरड आली की घाटही बंद होतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग