अ‍ॅम्प बदलण्याआधी

इंदूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. गोध्रा सोडलं की गाडीतल्या गाण्यांचा आवाज जातो, दाहोदला चहा घेऊन निघालास की परत येतो आणि मेकॅनिक म्हणतो अ‍ॅम्प (स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) बदला. इतक्यात पैसे घालवू नकोस. आवाज गेला त्या क्षणी अ‍ॅम्पचा लाइट कसा होता, हे कोणी पाहिलंच नाहीये. पुढच्या खेपेला डिकी उघडून शेजारच्याला पाहायला सांग. दुखणं कुठे आहे ते तिथेच निम्मं कळतं.

लाइट विझला असेल तर करंट पोहोचत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेव, काळी पिन अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनसला) लाव आणि लाल पिन आधी प्लसला, मग रिमोटला, म्हणजे अ‍ॅम्प चालू करणाऱ्या टर्मिनलला. इंजिन चालू असताना दोन्हीकडे साधारण 13 ते 14.4 हवेत. प्लस ठीक पण रिमोट शून्य असेल, तर डेककडून (डॅशबोर्डवरच्या प्लेअरकडून) येणारी बारीक वायर सैल आहे. प्लसलाच व्होल्ट कमी पडत असतील तर बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर बघ. प्लॅस्टिक पिवळं पडून वितळलेलं दिसलं तर फ्यूज शाबूत असला तरी होल्डर बदल.

माझा सगळ्यात जास्त संशय मात्र अर्थवर आहे. बोल्ट काढून थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) बघ. बहुतेक वेळा तिथे गाडीचा रंग तसाच असतो आणि धातू टेकतो तो फक्त बोल्टच्या आट्यांपुरता, कडेला काळं वर्तुळ उमटलेलं. अशा सांध्यात नुसता 0.05 ओहम रोध असला आणि ढोलाच्या ठोक्याला अ‍ॅम्पने 40 अँपिअर ओढले, तर 2 व्होल्ट तिथेच जातात. वर 80 वॉटची धग त्या सांध्यात. सांधा तापतो, आणखी सैल होतो. गाडी थांबली की निवतो. तुझ्या दाहोदच्या चहाचा अर्थ हाच असू शकतो. तपासायला गाणं मोठ्याने लाव, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल अ‍ॅम्पच्या अर्थला. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, 0.5 दिसलं तर चोर सापडला. मग बॅटरीचा मायनस सोडव, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घास, दातेरी वॉशर घालून आवळ आणि वरून ग्रीस लाव. अर्थची वायर हात-दीड हातापेक्षा लांब नको, आणि जाडी प्लसइतकीच हवी.

लाल लाइट लागत असेल तर अ‍ॅम्प स्वतःला वाचवतोय. हात लाव. चटका बसण्याइतका तापलेला असेल तर डिकीतल्या गालिच्यातून बाहेर काढ; मे महिन्यात बंद गाडीत त्याला आधीच हवा नसते. गार असूनही लाल असेल तर स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पकडून सोडवून मीटर ओहमवर ठेवून मोज. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर 3 ते 3.8 दाखवतो. मोजता मोजता दरवाजा उघड-मीट कर. आकडा नाचला तर दाराच्या रबरी नळीत वायर सोलली आहे. वायर आणि बॉडीमध्ये तर मीटरने जोड दाखवता कामा नये; तिथे शून्य आलं तर वायर बॉडीला टेकली आहे. वूफर दोन कॉइलचा असेल आणि ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) 2 ओहमवर चालवला असेल, तरीही हेच होतं. बहुतेक अ‍ॅम्पना ब्रिजवर किमान 4 ओहम लागतात.

लाइट हिरवाच राहून आवाज जात असेल तर गडबड सिग्नलची. एकच बाजू जात असेल तर अ‍ॅम्प बंद करून अ‍ॅम्पकडच्या टोकाला डेकमधून सिग्नल आणणाऱ्या डाव्या-उजव्या आरसीए पिना अदलाबदल कर. मुकी बाजू बदलली तर दोष डेक किंवा केबलचा. तीच राहिली तर अ‍ॅम्पचा, नाहीतर त्या बाजूच्या स्पीकर-वायरचा. दोन्ही बाजू जात असतील तर डेकऐवजी फोन जोडून पाहा, गेन (अ‍ॅम्पवरचा आवाज वाढवायचा खटका) आधी खाली करून. पिन हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर आतल्या बोर्डावर, सॉकेटच्या पायाभोवती, केसाएवढी गोल चीर असते, ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला डाग. भिंगातून दिसते. जुनं शिसं ओढून नवं घातलं की काम झालं. त्यासाठी अख्खा अ‍ॅम्प टाकायचा नसतो.

आधी अर्थ घास. मग लाइटचा रंग आणि मीटरचे आकडे मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय