त्या ४६ टक्क्यांत मी आहे का?

पुणे,
९ मार्च २०२५

प्रिय लिली,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "जगातली ४६ टक्के माणसं आम्हा ज्यूंचा द्वेष करतात म्हणे. त्यात तू आहेस का गं?" मी "वेडी आहेस का" म्हणाले आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला. तेव्हापासून मला चैन नाही. तू चिडून विचारलं नव्हतंस, म्हणूनच जास्त लागलं. पन्नास वर्षांच्या मैत्रीनंतर तुला असं विचारावंसं वाटलं, म्हणजे तो प्रश्न बरेच दिवस तुझ्या मनात असणार. त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं. ते इथे लिहिते. तू इस्रायलमध्ये, मी इथे; फोनवर गाझाचा विषय निघाला की आपण दोघी गप्प होतो, आणि या उत्तरात तो विषय टाळता येणार नाही.

आधी तो आकडा बघू. तीस वर्षं पाहण्या करण्यात गेली माझी, त्यामुळे आकडा आला की माझा हात आधी प्रश्नावलीकडे जातो. जानेवारीत जाहीर झालेली ती पाहणी अमेरिकेतल्या अँटी-डिफमेशन लीग या ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेची. १०३ देश-प्रदेशांतल्या सुमारे ५८,००० माणसांना ज्यूंबद्दलची ११ विधानं वाचून दाखवली आणि ती खरी वाटतात का, असं विचारलं. व्यापारात ज्यूंची सत्ता फार आहे. प्रसारमाध्यमं त्यांच्या ताब्यात आहेत. त्यांना फक्त आपल्याच लोकांची पर्वा असते. जगातली बहुतेक युद्धं त्यांच्यामुळे होतात. लोक ज्यूंचा द्वेष करतात तो त्यांच्या वागण्यामुळे. अशी ११. त्यांतली ६ किंवा जास्त ज्याला खरी वाटली, तो ज्यूद्वेषी धरला. त्यावरून जगातल्या प्रौढांचा हिशेब केला आणि ४६ टक्के, म्हणजे २२० कोटी आले. २०१४ मध्ये हीच पाहणी पहिल्यांदा झाली, तेव्हा २६ टक्के होते, म्हणजे १०९ कोटी. भारताचा आकडा त्या वेळी २० टक्के होता. पाचातला एक. आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू पाच हजारसुद्धा नव्हते.

त्या पहिल्या पाहणीतली एक गोष्ट मी विसरत नाही. उत्तरं देणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना आयुष्यात एकही ज्यू माणूस भेटलेला नव्हता. मग ते कोणाबद्दल उत्तर देत होते?

माझी आजी आठव. तिला 'ज्यू' हा शब्द माहीत नव्हता. तिला शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, म्हणजे तुम्ही, माहीत होते, अलिबागची इस्राएल आळी माहीत होती, तुमची 'मशीद' माहीत होती. (सिनेगॉगला तुम्ही मशीद म्हणता हे मी पुण्यात कोणाला सांगितलं की अजून विश्वास बसत नाही.) एलियाहू हन्नाबीच्या, तुमच्या त्या प्रेषिताच्या, नावाने केलेला मलिदा तुझ्या आईने पाठवला की आजी तो देवापुढे ठेवूनच आम्हाला द्यायची. तिला कोणी कागद घेऊन विचारलं असतं, "आजी, जगाचा पैसा ज्यूंच्या हातात आहे, खरं का?" तर ती म्हणाली असती, "असेल बाई, तुम्ही शिकलेली माणसं सांगता तर." आणि आमच्या पाहणी करणाऱ्या मुलीने 'खरं' वर खूण केली असती.

ही कल्पना नाही. सिंधुदुर्गात एकदा पाण्याच्या योजनेवर पाहणी चालू होती. एका आजोबांनी सगळ्या विधानांना हो म्हटलं. बॅक-चेकला, म्हणजे उत्तरांची खातरजमा करायला, मी स्वतः गेले आणि तीच विधानं उलटी करून विचारली. त्यालाही हो. बाहेर पडताना म्हणाले, "उन्हातून आलात, तुम्हाला नाही कसं म्हणायचं?" म्हणून आम्ही निम्मी विधानं उलट्या बाजूने लिहायचो. त्या ११ विधानांत मात्र एकही उलट नाही. सगळ्यांची धार एकाच बाजूला. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९४० च्या दशकात ज्यूद्वेष मोजायची पहिली मोठी मोजपट्टी बनवली, तिच्यावरही पुढे हाच आक्षेप आला.

नुसत्या वाक्यरचनेने काय होतं ते बघ. १९९२ मध्ये अमेरिकेत रोपर संस्थेने विचारलं की, नाझींनी ज्यूंचा संहार केलाच नाही, हे शक्य वाटतं की अशक्य वाटतं? २२ टक्के म्हणाले, शक्य वाटतं. वॉशिंग्टनमधलं होलोकॉस्टचं, म्हणजे त्या संहाराचं, संग्रहालय उघडायच्या सुमाराला हा आकडा छापून आला आणि हाहाकार उडाला. पण त्या प्रश्नात नकारावर नकार होता. 'अशक्य' म्हणायचं की 'शक्य', यातच माणसं अडखळली. दोन वर्षांनी प्रश्न सरळ करून विचारला, तर संहार झालाच नसावा म्हणणारे उरले १ टक्का.

आणि २०२३ च्या डिसेंबरात तूच मला पाठवलं होतंस ते: अमेरिकेतल्या तिशीच्या आतल्या मुलांपैकी २० टक्क्यांना होलोकॉस्ट ही दंतकथा वाटते. रात्रभर झोपली नव्हतीस तू. ती पाहणी आपणहून ऑनलाइन नाव नोंदवणाऱ्यांची होती. अशा पाहण्यांत बरेचजण पैशासाठी वाटेल तिथे खूण करून मोकळे होतात. प्यू संस्थेने तोच प्रश्न नीट निवडलेल्या नमुन्याला विचारला, तेव्हा ३ टक्के निघाले. त्याच संस्थेने आधी आपणहून आलेल्या अशा तरुणांना विचारलं होतं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का. १२ टक्के हो म्हणाले!

हे वाचून तुला वाटेल की मी आकडे पुसून तुझी समजूत काढते आहे. तसं नाही. मोजणी उलट्या बाजूनेही चुकते, आणि ती चूक मला जास्त भयंकर वाटते. २००९ मध्ये जर्मनीतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना सांगितलं, ज्यू अजूनही त्या संहाराचे परिणाम भोगत आहेत. मग ज्यूंबद्दलची मतं विचारली. साध्या कागदावर उत्तरं देणाऱ्यांचा द्वेष कमी झालेला दिसला. ज्यांच्या अंगाला तारा लावून 'या यंत्राला खोटं कळतं' असं सांगितलं होतं, त्यांचा वाढलेला निघाला. म्हणजे दुःख ऐकून वरवर कळवळा आणि आत राग, की हे अजून आम्हाला दोषी का ठरवतात! सभ्य माणसाला कुठे काय बोलायचं ते कळतं, आणि प्रश्नावलीला तो सभ्यपणाच दिसतो.

मग माझं काय? लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर ज्यूइश पॉलिसी रिसर्चने २०१७ मध्ये ब्रिटनची एक पाहणी केली. आजवर वाचलेल्यांत मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यांनी माणसांचे 'द्वेष्टे' आणि 'निर्दोष' असे दोन ढीग केले नाहीत. मनात पक्का, अनेक बाजूंनी द्वेष असलेले साधारण २ टक्के, सौम्य धरले तर ५ टक्क्यांपर्यंत. पण निदान एक तरी ज्यूविरोधी कल्पना मान्य असलेले ३० टक्के. हे ३० टक्के ज्यूद्वेष्टे आहेत असं समजू नका, हे त्यांनी स्वच्छ लिहिलंय. या आकड्याचा अर्थ एवढाच, की ज्यू माणूस दिवसभर चार लोकांत वावरला तर असलं एखादं वाक्य त्याच्या कानावर पडायची शक्यता किती. हवेत धूर किती आहे याचं ते माप आहे, घरं जाळणारे किती याचं नव्हे. आणि धुरातही श्वास कोंडतोच ना? युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने १३ देशांतल्या सुमारे ८,००० ज्यूंनाच विचारलं, तर ७६ टक्के म्हणाले, आपण ज्यू आहोत हे आम्ही कधी ना कधी लपवतो. ती पाहणी २०२३ च्या पूर्वार्धातली, ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्याआधीची.

तर काल रात्री मी ती ११ विधानं समोर घेतली आणि अंगाला तारा लावल्या आहेत असं समजून उत्तरं दिली.

ज्यूंची निष्ठा राहत्या देशापेक्षा इस्रायलशी जास्त असते. १९७७ मध्ये तुम्ही इस्रायलला निघालात, त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "शेवटी ते त्यांच्या देशात जायचेच होते." मी मान हलवली. तुझी आई अलिबागची माती पुडीत बांधून घेऊन गेली हे मला माहीत होतं, तरी हलवली.

व्यापारात त्यांची सत्ता आहे. हे मी कौतुकाने म्हटलंय, किती वेळा! "ज्यू बघा, केवढेसे, पण जगाचा पैसा त्यांच्याकडे." आपल्याकडे घराघरांत हे कौतुकानेच बोलतात. ते बोलताना तुझे वडील मला कधी आठवले नाहीत. एस.टी.त नोकरी करून चार मुलं वाढवली त्यांनी, महिनाअखेरीला आमच्याकडून साखर नेलेली मी पाहिली आहे. कौतुक असलं तरी ते बोलताना मी तुला आणि त्यांना पुसूनच टाकत होते.

तिसरं लिहायला जड जातंय. होलोकॉस्टबद्दल ज्यू अजूनही फार बोलतात. गेल्या वर्षी गाझातली ढिगाऱ्याखालून काढलेली मुलं टीव्हीवर पाहत होते. तेवढ्यात तुझा मेसेज आला, तुझ्या नातीच्या शाळेतल्या स्मरणदिनाचा. आणि माझ्या मनात हेच वाक्य आलं, अगदी याच शब्दांत. मी ते तुला कधी बोलले नाही.

अकरापैकी तीन. अँटी-डिफमेशन लीगच्या हिशेबात मी ४६ टक्क्यांच्या बाहेर. लंडनच्या हिशेबात त्या ३० टक्क्यांच्या आत. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, लिली. वेडी तू नव्हतीस.

आता गाझा. तिथल्या मुलांसाठी माझा जीव तुटतो, आणि तो तुटतो हे मी मागे घेणार नाही. इस्रायलच्या सरकारवरची टीका म्हणजे ज्यूद्वेष, असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. जगभर हाच वाद पेटलाय. २०१६ मध्ये इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्ब्रन्स अलायन्सने ज्यूद्वेषाची जी व्याख्या स्वीकारली, तिच्या ११ उदाहरणांपैकी ७ इस्रायलशी संबंधित आहेत. ज्या मसुद्यावर ती बेतली तो लिहिण्यात मुख्य वाटा असलेले केनेथ स्टर्न स्वतः म्हणतात की विद्यापीठांत लोकांची तोंडं बंद करायला ती वापरू नका. २०२१ मध्ये सुमारे २०० अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढला आणि टीका कुठे संपते, द्वेष कुठे सुरू होतो याची वेगळी रेघ आखली. मला ती रेघ जास्त पटते. तुला पहिली जवळची वाटेल, तू अश्दोदला सायरन वाजला की जिन्याखाली धावणारी. त्यावर आपलं एकमत होईल असं मला वाटत नाही.

पण दोन्ही कागद मी शेजारी ठेवून वाचले, आणि एका ठिकाणी दोघेही तेच सांगतात. इस्रायलने केलेल्या गोष्टीबद्दल सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं हा ज्यूद्वेष. तिथे मला डिसेंबरातला आपला फोन आठवला. मी काय म्हणाले होते? "तुम्ही लोक हे थांबवत का नाही?"

सहावीपासून मी तुला तू म्हणते. भांडलो तेव्हाही तूच. त्या दिवशी पहिल्यांदा तू 'तुम्ही लोक' झालीस. तू काही बोलली नाहीस, फक्त "कढी उतू जातेय" म्हणून फोन ठेवलास. मला वाटतं, परवाचा प्रश्न तिथूनच आला. तू त्या देशाची नागरिक आहेस, मत देतेस, तुझ्याशी त्यावर वाद घालायचा हक्क मला आहे. पण वाद तुझ्याशी घालायला हवा होता. मी 'लोकां'शी बोलले.

आणखी एक आहे. हे कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाही. नववीतली वक्तृत्व स्पर्धा. तो मुलगा हिटलरवर बोलला होता, देशप्रेम, शिस्त, पोलादी मनगट. तो वाईट मुलगा नव्हता. तुमच्याकडे यायचा, तुझ्या आईच्या हातच्या घाऱ्या खायचा. हिटलरने कोणाला मारलं हे त्याला माहीत नव्हतं, निदान ते लोक म्हणजे तुम्ही, हे नक्कीच नव्हतं. त्याला ती ११ विधानं विचारली असती तर शून्य आलं असतं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मांडून ठेवलेलं मी अजूनही बघते, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी. २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाने हॉटेल निघालं, तेव्हा मुंबईतल्या तुमच्या समाजाने विरोध केल्यावर नाव बदललं. भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, असं आपण अभिमानाने सांगतो, ते बहुतांशी खरंही आहे. पण त्या दिवशी सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि मीही वाजवत होते. तू माझ्या उजव्या बाजूला बसली होतीस. तुझे हात मी पाहिले नाहीत.

तूही टाळ्या वाजवल्यास का गं? मी हे कधी विचारलंच नाही. शनिवार संपला की रात्री फोन कर. उशीर झाला तरी चालेल, मी जागी असते.

नातीला आशीर्वाद. तुझी,
सुधा